कलम

फहाहीलच्या दवाखान्यात दुसऱ्या मजल्यावर
लिफ्टसमोर एक चौकट टांगलीय.
वर अरबी, खाली इंग्रजी,
काच पुसायला रोज एक नेपाळी पोरगा येतो.
मला अरबी बोलता येत नाही. वाचता येतं,
बाणकोटच्या मदरशात अर्थाशिवाय शिकलेलं.
लांबूनच अक्षरं जुळवली:
हुकूक. म्हणजे हक्क, अनेकवचनी.

आमचा नंबर एकोणसत्तर होता,
म्हणून सगळी चौकट पाठ झाली.
कलम चौथे: आपल्या आजारावरचे सर्व इलाज
समजून घेण्याचा रुग्णाला हक्क आहे.

अरीबा शाहिस्ताच्या मांडीवर. सात वर्षांची.
डोक्याला स्केटिंगचं हेल्मेट,
गुलाबी, वर मांजराचं स्टिकर.
झटका आला की शाहिस्ता घड्याळ बघते, मी वही काढतो.
तारीख. वेळ. सेकंद.
रिफायनरीत मी गेज तपासतो.
कुठला काटा किती खोटं बोलतो ते लिहून ठेवायचं,
अठरा वर्षं हाच धंदा.
या वहीत एकही काटा खोटा नाही.

गेल्या साली चार महिने मंडणगडला होतो,
तेव्हा सांगलीच्या घाणेकर वैद्यबाईंनी तेल दिलं.
चिठ्ठी, शिक्का, परवान्याचा नंबर,
लेबलवर नाव: विजया.
हमिदाबुबू हसली, म्हणाली,
ही तर आपल्या पोस्टातली विजयाबाई!
जिभेखाली तीन थेंब, रात्री.
त्या महिन्यांची पानं
बरीचशी कोरी आहेत.
मी कोऱ्या पानांचीसुद्धा झेरॉक्स काढून आणली.

बाटली आणली नाही.
विमानतळावर कोण कसा अडकला
हे कॅम्पातला जो तो सांगतो,
तळेकर तर दर खेपेला दोन वर्षं वाढवून सांगतो.
बाप आत आणि पोर बाहेर,
यावर कुठल्या वैद्याकडे तेल आहे?

डॉक्टर मुंझिर अलेप्पोचे.
त्यांनी वही चाळली. कोऱ्या पानांवर थांबले.
भरलेल्या पानांवर कुणीही थांबतं.
मी म्हटलं, बाहेर लिहिलंय. कलम चार.
दार बंद होतं,
तरी ते उठले आणि पुन्हा लावून आले.
"मी वाचलंय," म्हणाले. "पुष्कळ वाचलंय.
समजावून सांगू शकतो. लिहून देऊ शकत नाही."
आणि खरंच समजावलं, वीस मिनिटं,
बाहेर सत्तर नंबर खोकत होता.
मग पेनाचं टोपण काढलं, घातलं, काढलं
आणि जुनंच औषध लिहिलं,
दोन मिली वाढवून.

त्यांच्याकडे पेनालाच कलम म्हणतात.
आमच्याकडे कायद्याच्या तुकड्याला,
आणि हापूसच्या रोपाला.
एका झाडाला काप द्यायचा,
दुसऱ्याची काडी घट्ट बांधायची,
मग धरतं का बघत बसायचं.

हक्क, इलाज, कायदा, मनाई,
सगळे याच पाण्यावरून
गलबतात बसून आमच्या खाडीत उतरले.
धक्क्यावर तेव्हा
कुणी त्यांची पिशवी उघडली नाही.

रात्री खिडकीतून रिफायनरीची ज्योत दिसते,
अरीबा तिला मोठी मेणबत्ती म्हणते.
फुंकर मारते. विझत नाही. पुन्हा मारते.
साडेनऊला आला. एकशे बारा सेकंद.
मी आकडा लिहितोय तोच हमिदाबुबूचा फोन:
ती बाटली अजून फ्रिजच्या दारात आहे रे,
लोणच्याच्या बाजूला.
तारीख उलटून गेली. टाकू?

शाहिस्ता हेल्मेटचा पट्टा सैल करत होती,
तिने वर पाहिलं नाही.

राहू दे, म्हटलं.
फक्त दार जरा हळू लाव.